पुलाचा पिवळा रंग

खामपानला गावातल्या प्रत्येक फाटकाचा रंग पाठ होता. शाळेच्या फाटकाचा निळा, भाताच्या गिरणीच्या भिंतीचा विटकरी, बर्फवाल्याच्या शेडच्या खांबाचा हिरवा. गाडी पॉलिशला त्याच्या छपराखाली येऊन थांबली की तो मालकाकडे बघायचाच नाही. उकिडवा बसून घासटलेल्या जागेवर नजर लावायचा, आणि गाडी कुठे जाऊन आली ते त्याला कळायचं. एकदा एकजण पिकअप घेऊन आला आणि म्हणाला, "गिरणीच्या भिंतीला लागली." दारावरचा पट्टा गुलाबी होता. गुलाबी फाटक गावात एकच, आणि त्या घरातला पुरुष तैवानला कामाला गेलेला. खामपान म्हणाला, "गिरणीची भिंत फार खराब आहे," आणि कामाला लागला. बान पाक हुआयमधले निदान दोन संसार त्याच्या गप्प बसण्यावर टिकले आहेत.

माझं पंक्चरचं दुकान त्याच्या छपरासमोर, रस्त्याच्या अलीकडे. सव्वीस वर्षं मी त्याचं काम बघत आलो. पहिलं पाणी. भरपूर पाणी, मग साबणाचा फेस, मग पुन्हा पाणी. कारण धुळीचा एक कण फडक्याखाली राहिला तर एका ओरखड्याचे शंभर होतात. मग नख. उजव्या करंगळीचं नख त्यानं वाढवलेलं होतं. ते तो डागावरून आडवं फिरवायचा. नख अडकलं तर गाडीचा स्वतःचा रंग कापला गेलाय. नख सरकलं तर दुसऱ्याचा रंग वर येऊन बसलाय. अशा रंगाला तो पाहुणा म्हणायचा. पाहुण्याला ढकलायचं नाही, समजूत घालून उठवायचं. मऊ सुती फडक्यावर थेंबभर रॉकेल, हलका हात, एकाच दिशेनं. मागे राहिलेल्या सावलीला रबिंगचा लेप, आणि शेवटी मेण. शर्टाला त्यानं बटणं ठेवलीच नव्हती, नाड्या होत्या. बटण गाडीला घासायला नको. कमरेला पट्टा नाही, चौकड्यांचा पंचा. बोटात अंगठी नाही. त्याच्या हाताखालून गाडी गेली की तिच्यावर काय झालं होतं ते खुद्द मालकालाही बोट ठेवून दाखवता यायचं नाही. ही त्याची शान होती, आणि पुढे हीच त्याच्या गळ्याशी आली.

त्याची बायको सीनुआन गावची सवारी गाडी चालवायची. पिकअपच्या मागे दोन लांब बाकं, वर पत्र्याचं छत. पहाटे बाजारच्या बायका, सकाळी नदीपलीकडच्या मोठ्या शाळेची पोरं, दुपारी पुन्हा तीच माणसं परत. दिवसातून सहा वेळा ती पूल ओलांडायची. पूल जुना, सिमेंटचा, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. गावाकडच्या टोकाला दोन बाजूंना दोन खांब, छातीएवढे उंच. दुसऱ्या वाटेनं बाजार गाठायचा म्हणजे डोंगराला अडतीस किलोमीटरचा वळसा.

खांब पिवळे होते. दरवर्षी एप्रिलच्या नव्या वर्षाआधी गावचे लोक ते रंगवायचे, आणि उरलासुरला हिरवा त्यातच ओतायचे. त्यामुळे त्या पिवळ्याला कच्च्या आंब्याच्या फोडीसारखी झाक होती. तसा पिवळा आख्ख्या गावात दुसरीकडे नव्हता.

त्या वर्षी कापणी संपता संपता गिरणीचा सहा चाकी ट्रक छपराशी आला. हौद्याच्या कडेला पिवळा पट्टा.

"झोपेत होतास काय रे?" खामपाननं विचारलं.

"काका, मी झोपलो तरी माझे हात जागे असतात," ड्रायव्हर म्हणाला. "खांबच आडवा आला."

आम्ही तिघंही हसलो. खामपाननं पाहुणा उठवला, मेण लावलं. कापणी संपली, ट्रक येणं बंद झालं.

थंडी पडली. एका आठवड्यात दोन पिकअप आल्या, दोन्हींवर तोच पिवळा. मग कोबीवाल्याची. मग चिनी नववर्षानंतर एका सकाळी दवाखान्यातली नर्सबाई आली. तिची गाडी छोटी, डबीएवढी, आणि ती चालवायची अशी की मागची सायकल हॉर्न द्यायची. त्या डबीच्या दारावर बोटभर पिवळा लागलेला होता.

खामपाननं नख फिरवलं. नख सरकलं. एरवी तो नर्सबाईला चिडवल्याशिवाय सोडायचा नाही, त्या दिवशी पुन्हा पुन्हा नख फिरवत राहिला. काम झाल्यावर रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

"आधी ट्रक," तो म्हणाला. "मग पिकअप. आता ही."

"मग?"

"ट्रक रुंद असतो."

त्यानं दोन्ही तळहात समोरासमोर धरले, माझ्या फळीवर टेकवले, आणि हळूहळू जवळ आणले. मी हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात सोडली. पुलाखालून वाळू उपसणाऱ्या होड्यांची घरघर येत होती. दोन वर्षं ती दिवसभर चालू असायची. आम्ही ती ऐकणं कधीच सोडून दिलं होतं. त्या दिवशी मला ती ऐकू आली.

चार दिवसांनी सीनुआनच्याच गाडीवर पिवळा आला. ती बाजारातून परतली ती गाडी थेट छपराखाली घालून. मागून बायका उतरल्या. त्यांत मिरच्या विकणारी पिम्पा होती, तिच्या पिशवीत अंगाला लावायच्या पावडरीचा डबा.

"दादा, हात लावू नका!" ती ओरडली. "आधी पावडर!"

तिनं पट्ट्यावर पावडर भुरभुरली आणि तळहातानं चोळली. बायका वाकल्या. लॉटरीची सोडत दोन दिवसांवर होती, आणि अशा डागांत त्या आकडे शोधायच्या.

"हा सात," पिम्पा म्हणाली. "आणि हा… चार का एक?"

"एकच असेल," सीनुआन गाडीतूनच म्हणाली. "खांब बिचारा शाळेत कुठे गेलाय."

"चेष्टा करू नकोस गं. पुलाचा देव आकडा देतोय."

"द्यायचाय तर चिठ्ठीवर लिहून द्यावा की. माझं दार कशाला खरवडतो?"

सगळ्या हसल्या. खामपान हसला नाही. "तो आकडा नाहीये," तो म्हणाला. "पूल आत येतोय. खालची वाळू गेलीय, टोक वाकायला लागलंय. रोज थोडं थोडं."

बायकांनी पुलाच्या दिशेला माना वळवल्या. मग पिम्पाचे डोळे मोठे झाले. "म्हणजे देव हात पुढे करतोय! आपण त्याला काही दिलंच नाही ना इतकी वर्षं!"

"वाळू, पिम्पा. मी वाळू म्हणालो."

पण त्या आपसात बोलायला लागल्या होत्या. खामपाननं पावडर धुतली, नख फिरवलं आणि बायकोच्या दारावरचा पिवळा सवयीनं काढून टाकला. दार आरशासारखं झालं. तेव्हा त्यात मलाही काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो गावप्रमुख सानानकडे गेला. मी बरोबर होतो. सानान जाडजूड माणूस, बोलायला गोड. वाळूच्या होड्या त्याच्या जावयाच्या. पडवीत पंख्याखाली बसवून त्यानं आम्हाला थंडगार कॉफी पाजली.

"खांब आधीपासूनच तसा आहे," तो म्हणाला. "तू पूर्वी कधी मोजला होतास का?"

"नाही, प्रमुखसाहेब."

"मग आता कमी झाला हे कशावरून?"

"गाड्यांवरच्या डागांवरून."

"दाखव."

खामपान अंगणाकडे वळला. अंगणात प्रमुखाची जुनी पिकअप उभी होती. तिच्यावरचा पिवळा त्यानंच मागच्या महिन्यात काढला होता. बाहेर रस्त्यावरून कोबीवाल्याची गाडी गेली, चकचकीत.

"मी पुसले," तो म्हणाला.

"हं." सानाननं पेला खाली ठेवला. "आणि वाळूचं काय बोलत होतास म्हणे बायकांपुढे? बाबा रे, ज्यानं पॉलिश करायचं त्यानं पॉलिश करावं."

तालुक्याच्या रस्त्यांच्या ऑफिसातही तेच झालं. तिथल्या साहेबानं नोंदवही काढून पुलाची रुंदी वाचून दाखवली, वहीत पूल ठणठणीत होता. "पावसाळ्यानंतर बघायला येतो," तो म्हणाला. परतीच्या वाटेवर पूल आला तेव्हा खामपान माझ्या मोटारसायकलवरून उतरला आणि चालत आला. खांबावर त्यानं हात ठेवला, जसा आजारी जनावराच्या पाठीवर ठेवतात. खांबाच्या बुडाशी जमिनीत एक फट होती. तीत त्याची चारही बोटं गेली.

सोडत निघाली. शेवटचे दोन आकडे सतरा. पिम्पानं ते उलटे केले, आणि एकाहत्तर झाले.

त्यानंतर कुणाला काही सांगणं शक्यच नव्हतं. चार दिवसांत खांबांना कापडं गुंडाळली गेली. गुलाबी, हिरवी, सोनेरी, सात रंगांची, एकावर एक. पिम्पाच्या आत्याच्या अंगात यायचं. तिनं सांगितलं, देवाला थंडी वाजत होती म्हणून तो माणसांना चिकटत होता. शेजारच्या गावांतून लोक आले. फुलांच्या माळा, लाल सरबताच्या बाटल्या, उकडलेली डुकराची मुंडकी. एक कापड सीनुआननंही बांधलं. कापडांचा थर गादीएवढा झाला आणि बुडाची फट त्याखाली झाकली गेली.

आणि गाड्या स्वच्छ यायला लागल्या.

पिवळा आलाच नाही. एकाही गाडीवर नाही. "शांत झाला बघा," लोक खामपानला म्हणायचे, आणि त्यात थोडी दया असायची. तो छपराखाली रिकामा बसायचा. एकदा त्यानं नर्सबाईच्या दाराच्या मुठीत अडकलेला गुलाबी धागा ओढून काढला, मला दाखवला, आणि दुमडून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी आणखी तीन सापडले. गाड्या घासतच होत्या, पण आता खूण राहत नव्हती. आत किती उरलंय हे सांगणारं त्याच्याकडे काही राहिलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला मी बरेचदा त्यांच्याकडे असायचो. चिकट भाताची टोपली मध्ये, भाजलेल्या हिरव्या मिरचीची चटणी, उकडलेला दोडका.

"उद्यापासून पुलावरून जाऊ नकोस," तो म्हणाला.

"मग काय, गाडीला पंख लावू?" सीनुआननं भाताचा गोळा वळला. "डोंगरानं जायला बायका जादा भाडं देणारेत का? आणि पोरं शाळेत कधी पोचायची?"

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही, म्हाताऱ्या. सगळं गाव जातंय. प्रमुख जातोय. तू एकटा काय तो शहाणा?"

"पूल पडला तर आधी तूच असणार. सहा वेळा जातेस."

ती म्हणाली, "तुझ्या नखाला कळतं ते मला मान्य आहे. पण पुलाला तू नख लावलेलं नाहीस." आणि टोपली त्याच्याकडे सरकवली.

तो जेवला नाही.

पुढच्या पौर्णिमेला देवळात मोठं पूजन होतं. देऊळ नदीपलीकडे. सकाळी सातलाच सीनुआननं गाडी भरून बायका नेल्या. मागोमाग प्रमुख आपल्या नव्या पांढऱ्या पिकअपमधून गेला, दोनच दिवसांपूर्वी घेतलेली, सीटवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. गाव ओस पडलं. आठच्या सुमाराला खामपान छपराबाहेर आला. हातात कोयता, दुसऱ्या हातात लाल ऑइलपेंटचा डबा आणि रुंद ब्रश.

"येतोस?" त्यानं विचारलं.

मी गेलो. पण हात लावला नाही, हेही सांगतो. मला भीती वाटत होती, आणि ती कसली हे मलाही सांगता आलं नसतं.

त्यानं आधी दोन्ही खांबांना हात जोडले. क्षमा मागितली असावी. मग कापडं कापली. ती सालीसारखी सुटून खाली पडली, ओली, आतून कुजकट वासाची. ती त्यानं घडी करून, लोकांनी खांबाशेजारी मांडलेल्या देव्हाऱ्याशी नीट ठेवली. उघडा पडलेला खांब बघून मी मागे सरलो. फटीत आता मनगट गेलं असतं. पलीकडच्या काठावरून मंत्रांचा आवाज येत होता, खालून होड्यांची घरघर. खामपाननं दोन्ही खांबांना आतल्या बाजूनं लाल रंग फासला, जाड, ओघळेपर्यंत. आयुष्यभर रंग उतरवणारा माणूस, ब्रश धरायची त्याला सवयही नव्हती.

मग आम्ही कडेला बसून राहिलो.

पहिली सीनुआनची गाडी आली. पलीकडच्या टोकाला छत दिसलं तेव्हा खामपान उठून उभा राहिला. गाडीत मागे चौदा बायका, दोघी पायरीवर लटकलेल्या. गाडी पुलावर चढली. मी पुलाकडे बघत होतो, तो चाकांकडे. मधोमध आल्यावर पुलातून एक आवाज आला, जाड दोरावर ताण पडावा तसा. बायकांची बडबड चालूच होती. खामपानच्या हातातून ब्रश गळून पडला. सीनुआननं खांबांपाशी वेग कमी केला, दोन्हीकडे बघितलं, गाडी अगदी मधोमध धरली आणि बाहेर काढली.

डाव्या बाजूला लाल पट्टा. उजव्या बाजूला लाल पट्टा.

ती खाली उतरली. आधी एक बाजू बघितली, मग फिरून दुसरी. गाडी रस्त्याच्या कडेला लावली, किल्ली काढली आणि कमरेला खोवली.

मग बाकीच्या आल्या, आणि गोंधळ झाला. पिम्पानं कापडांचा ढीग बघून किंकाळी फोडली. आत्याच्या अंगात तिथल्या तिथे आलं. प्रमुखाच्या नव्या पांढऱ्या गाडीच्या दोन्ही कुशी लाल झाल्या होत्या. तो उतरला तेव्हा त्याच्या बोलण्यातलं गोड सगळं संपलेलं होतं.

"हरामखोरा! काय केलंस हे?"

"ओला आहे, फडक्यानं निघेल," खामपान म्हणाला. "मी काढून देईन. पण आधी बघा, प्रमुखसाहेब. एका बाजूला लागला असता तर चालवणाऱ्याची चूक म्हटली असती. दोन्ही बाजूंना लागलाय."

"मग?"

"कापणीला गिरणीचा ट्रक याच खांबांमधून जात होता. तुमच्या गाडीपेक्षा दीड हात रुंद. सगळ्यांनी बघितलाय. आता तो कुठून जाईल?"

प्रमुखानं आपल्या गाडीकडे बघितलं, मग खांबांकडे, मग एकदाच, झटकन, खाली नदीकडे. पलीकडे अजून सहासात गाड्या उभ्या होत्या, हॉर्न देत. त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. "बांबू आणा," तो म्हणाला.

पुलावर आडवा बांबू पडला. पलीकडची माणसं चपला हातात घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून आली. त्या दुपारी वाळूच्या होड्यांची घरघर थांबली, आणि संध्याकाळी होड्या तिथे नव्हत्या.

अकराव्या दिवशी, भर बारा वाजता, पूल पडला. आभाळ स्वच्छ होतं. नदीनं काही केलं नाही, वारा नव्हता. आधी गावाकडचे दोन खांब एकमेकांकडे झुकले, कुजबुजायला वाकावं तसे. मग मधला भाग खाली बसला आणि एक मोठा धुरळा वर आला. पुलावर कोणी नव्हतं. पाण्यात चार म्हशी होत्या, त्याही चालत बाहेर आल्या.

लोकांनी काय म्हटलं ते इथे लिहिलंच पाहिजे. लोक म्हणाले, देवाची वस्त्रं कापली म्हणून पूल पडला. कापडं होती तोवर पडला का? नाही. मग? प्रमुखही हेच म्हणाला, आणि वाळूचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. नवा पूल व्हायला तीन वर्षं लागली. तीन वर्षं पोरं डोंगरानं शाळेत गेली आणि त्याचे शिव्याशाप खामपानच्या छपरावर आले. गाड्या येणं थांबलं. एकटी नर्सबाई यायची, गरज नसली तरी. कुणीतरी छपराच्या खांबावर कोळशानं लिहिलं, पूलबुडव्या. त्यानं ते पुसलं नाही. हा पाहुणाच आहे, नख लावून बघायलाही नको, असं एकदा मला म्हणाला आणि पूल पडल्यापासून पहिल्यांदाच थोडा हसला.

मीही त्या दिवशी त्याच्या बाजूनं उभा राहून बोललो नाही. माझी गिऱ्हाइकं तीच होती.

सीनुआन मात्र डोंगराच्या वाटेनं गाडी चालवत राहिली. दोन्ही बाजूंचे लाल पट्टे तिनं काढू दिले नाहीत. उन्हानं ते विटकरी झाले, पापुद्रे सुटले, तरी नाही. एकदा चढणीवर गाडी तापली, बायका खाली उतरून वारा घेत बसल्या, तेव्हा पिम्पानं विषय काढलाच.

"काही म्हण सीनुआन, पूल पाडला तो तुझ्याच नवऱ्यानं."

सीनुआन बोनेट उघडून पाणी ओतत होती. वाफ खाली बसेपर्यंत ती थांबली.

"हो," ती म्हणाली. "रिकामा पाडला. बस गाडीत."

पिम्पा बसली.